पुढचे चाक बदलले, आता सायकल पुन्हा अंगाला बसवा



या सदरातून आम्ही बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहाचे प्रवेश, जातवैधतेचे कागद अशा विषयांवर लिहितो. आजचा विषय त्या मानाने हलका वाटेल, पण आमच्या मते तो त्याच रांगेतला आहे. अर्ज भरला, प्रवेश मिळाला, तरी रोज वेळेवर वर्गात पोचायचे कशाने? नांदेडला काय किंवा लातूरला काय, आपल्या पुष्कळ मुलांचे उत्तर सायकल हेच असते. लातूरच्या उद्योग भवन परिसरात ट्युशनला येणारी खेड्यापाड्यांतली मुले खोली करून राहतात, जाताना सायकल विकून जातात, आणि तीच सायकल पुढच्या वर्षी दुसरा कोणी घेतो. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. ती रक्कम २०२२ साली ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. म्हणजे सायकल आपल्या घरात येते. प्रश्न असतो तो नंतरच्या चार-पाच वर्षांचा.

जून उजाडला की वस्तीवस्तीत एक काम निघते. पत्र्यावर टाकलेली, नाहीतर घरामागे भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी सायकल बाहेर येते. ट्यूब बदलतात, चेनला तेल सोडतात, आणि मग दिसते की पुढची रिम वाकली आहे. पुढचीच का, तर धडकेचा पहिला मार तीच खाते. मिस्त्री आऊट काढून पाहतो. नाही निघाला तर म्हणतो, दुसरे चाक टाका. मग भंगारवाल्याकडे, शेजाऱ्याच्या मोडक्या सायकलीत, जिथे मिळेल तिथून चाक येते. चिमट्यात बसले, दोन नट आवळले, फिरवून पाहिले, झाले. माप वेगळे असले तरी "चालतंय की" म्हणून सायकल मुलाच्या हाती जाते.

पंधरा दिवसांनी मुलगा म्हणतो, "पप्पा, मनगट दुखायलंय." मुलगी म्हणते, "हँडल लई हलायलंय, मला भ्या वाटतंय." घरचे म्हणतात, होईल सवय. काही घरांत तर हे शाळा बुडवायचे बहाणे समजले जातात. अशा बऱ्याच सायकली आमच्या पाहण्यात आल्या आहेत, आणि आमचा अनुभव असा की बहुतेक वेळा मूल खरे बोलत असते. चाक बदलले की सायकल बदलते. ती पुन्हा अंगाला बसवावी लागते. काम तासाभराचे आहे, पाने दोन लागतात, आणि पैसा फारसा लागत नाही. पण ते कोणी करत नाही, कारण ते करायचे असते हेच कोणी सांगितलेले नसते.

आधी मापाचा घोळ मिटवू. नांदेडच्या एका वस्तीत नववीतल्या एका मुलीची सायकल आम्ही पाहिली. लेडीज सायकल, बारीक टायरची. पुढचे चाक मात्र थोरल्या भावाच्या मोडक्या रेंजरचे. (हीरोच्या एका सायकलीचे हे नाव, पण आपल्याकडे जाड टायरच्या सगळ्याच सायकलींना रेंजर म्हणायची पद्धत पडून गेली आहे.) वडील गवंडीकाम करणारे, हिशेबाला पक्के. ते म्हणाले, "दोन्ही चाकांवर सव्वीसच लिहिलंय, मी वाचून घेतलं." वाचले ते खरेच होते. पण सायकलीच्या धंद्यात २६ आणि २६ एक नसतात.

टायरच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक आकडा छापलेला असतो, तो वाचावा. लेडीज सायकलीच्या २६ इंची बारीक टायरवर ३७-५९० असे काहीतरी असते. रेंजरच्या २६ इंची जाड टायरवर ५०-५५९ असते. यातला पहिला आकडा टायरची जाडी आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. म्हणजे दोन्ही २६, पण एक रिम ५९० ची आणि दुसरी ५५९ ची. ३१ मिलिमीटरचा फरक! टायर जाड असल्याने बाहेरून चाक जवळपास तेवढेच उंच दिसते, त्यामुळे डोळा फसतो. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: २४ इंची रेंजरची रिम ५०७, २६ ची ५५९, हल्ली गिअरच्या सायकलींना येणारी साडेसत्तावीस इंची ५८४, आणि २९ इंची ६२२. जुन्या काळ्या सायकलीची २८ इंची रिम मात्र ६३५ ची, म्हणजे नाव २८ आणि रिम २९ इंचीपेक्षा मोठी. हा कारभार कोणी आखला ते विचारू नका. वेगवेगळ्या देशांनी आपापली मापे ठरवली आणि ती तशीच आपल्या बाजारात आली. आपण आपला कडेचा आकडा वाचावा.

त्या मुलीच्या सायकलीत फरक पडला तो ब्रेकमध्ये. ब्रेकचे रबर ५९० च्या रिमवर बसेल अशा जागी होते. रिम आली आत, आणि रबर टेकू लागले थेट टायरच्या कडेवर. असे चार दिवस चालले तर टायरची कड कापली जाते आणि ट्यूब भर रस्त्यात फुटते. दुकानदाराने यावर उपाय केला तो असा, की पुढचा ब्रेकच काढून टाकला. "मागचा हाय ना," म्हणाला.

इथे आम्हाला थांबून सांगितलेच पाहिजे. सायकल थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढचा ब्रेक करतो. ब्रेक दाबला की सायकलीचा आणि बसणाऱ्याचा भार पुढे ढकलला जातो, मागचे चाक हलके होते, आणि हलके चाक रस्त्याला नीट धरत नाही. ते घसरते. केवळ मागच्या ब्रेकवर चालणाऱ्या सायकलीला कोरड्या रस्त्यावरही थांबायला दुप्पट अंतर लागू शकते. ज्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर आणि वडाप जीप धावतात, त्या रस्त्यावर आपण चौदा वर्षांच्या मुलीला अशा सायकलीवर पाठवायचे का, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरी करावा. ब्रेक काढून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. चाक लहान असेल तर रबर टायरवर येते, मोठे असेल तर रबर खाली आऱ्यांकडे जाते. ब्रेकच्या हाताला रबर वर-खाली करायची फट असते, पण ती थोडीच. तेवढ्यात रबर पुरते रिमवर आले तर ठीक. अर्धे रिमवर आणि अर्धे टायरवर हे चालणार नाही. जुन्या रॉड ब्रेकच्या सायकलीचे तर आणखी वेगळे: त्याचे रबर रिमला आतून, खालच्या बाजूने लागते, आणि रेंजरची रिम त्यासाठी घडवलेलीच नसते.

त्या मुलीच्या सायकलीवर उपाय स्वस्तातला निघाला. तिचा जुना हब शाबूत होता. हबला जितकी भोके, तितक्याच भोकांची ५९० ची रिम आणून त्याच हबवर नवे आरे भरून घेतले. रिम आणि आरे यांचा खर्च आणि मिस्त्रीची मजुरी, एवढ्यात काम झाले. भंगारातले चाक फुकट पडले होते हे खरे, पण ते तिच्या सायकलीचे नव्हते.

डिस्क ब्रेकच्या सायकलींची गोष्ट वेगळी. तिथे ब्रेक हबपाशी असतो, रिम कितीही मोठी असो, ब्रेक लागतो. हबवर पातीचे माप आणि बोल्टांची जागा जुळली की झाले. म्हणूनच गिअरच्या सायकलींत २६ च्या जागी साडेसत्तावीसचे चाक सर्रास बसवले जाते. ब्रेक लागतो म्हणून सगळे आलबेल आहे असे लोक समजतात, आणि इथूनच अंगदुखीची कहाणी सुरू होते.

लातूरला बारावीनंतर नीटची तयारी करणाऱ्या एका मुलाची सायकल अशीच होती. मागे २६, पुढे साडेसत्तावीस. तो सांगत होता की चौकात हळू चालवताना हँडल एका बाजूला पडू पाहते, आणि अर्ध्या तासाने सीटवर बसवत नाही, बधिर होते. सायकल विकून पायी जायचा विचार तो करत होता. रोजचे सहा-सात किलोमीटर पायी म्हणजे दीड तास गेला, आणि तो तास कोणत्या विषयातून काढायचा?

आता यातले कारण समजून घेऊ. आम्ही वाणिज्य शाखेचे; भूमितीशी संबंध शाळेपुरताच. पण हा हिशेब त्रैराशिकाच्या पलीकडे जात नाही.

सायकलीच्या दोन आसांत साधारण १०५ सेंटिमीटर अंतर धरा. ५५९ च्या जागी ५८४ ची रिम बसवली आणि टायरची जाडी तीच ठेवली, तर व्यास २५ मिलिमीटर वाढला, म्हणजे पुढचा आस त्याच्या निम्मा, साडेबारा मिलिमीटर वर गेला. मागचा आस जागेवरच. म्हणजे सगळी सायकल, सीट, हँडल, पायडल यांच्यासकट, मागच्या आसाभोवती किंचित मागे कलंडली. कल अंशात सांगायचा तर पाऊण अंशाहून थोडा कमी. ऐकायला हे काहीच नाही. पण सीट पायडलाच्या आसापासून साधारण ६५ सेंटिमीटर वर असते, तिथे हाच कल पाऊण सेंटिमीटर होतो. सीट तेवढी मागे गेली, तिचे नाक वर झाले, आणि सीटच्या मानाने हँडल पाऊण सेंटिमीटरच्या आसपास उंच झाले. नाक वर झालेल्या सीटवर तासभर बसून पाहिले म्हणजे बधिरपणा कुठून येतो ते कोणालाही कळेल.

उलट २६ च्या जागी २४ चे चाक घातले तर पुढचा आस २६ मिलिमीटर खाली. कल जवळजवळ दीड अंश, आणि पुढच्या बाजूला. सीट दीड सेंटिमीटर पुढे येते, नाक खाली जाते, माणूस हँडलकडे घसरत राहतो आणि तोल सावरायला सगळा भार मनगटांवर घेतो. गुडघाही पायडलाच्या पुढे जाऊ लागतो. पायडलाचा आस एक सेंटिमीटरभर खाली येतो, म्हणजे वळणावर आणि गतिरोधकावर पायडल घासण्याची भीती. "मनगट दुखायलंय" म्हणणाऱ्या मुलाच्या सायकलीला बहुधा हेच झालेले असते.

मिस्त्री म्हणेल, काही फरक पडत नाही. वडीलधारे म्हणतील, आम्ही याहून वाईट सायकली चालवल्या. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण विहारात ऐकतो: परंपरेने आले म्हणून, कोणी मोठा म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. सायकलीच्या बाबतीत पारखायला शिंप्याची टेप पुरते.

चाक काढण्याच्या आधी चार मापे घ्या आणि वहीत लिहून ठेवा. जमिनीपासून हँडलच्या मुठीपर्यंत. जमिनीपासून सीटच्या माथ्यापर्यंत. सीटच्या नाकापासून हँडलपर्यंत. आणि पायडल अगदी खाली असताना जमीन व पायडल यांतले अंतर. सायकल भिंतीला टेकवून सरळ उभी असावी, चाकांत हवा पूर्ण असावी. नवे चाक बसवल्यावर हीच मापे पुन्हा घ्या. ज्यांच्या हाती चाक आधीच बदललेली सायकल आली आहे, त्यांना जुनी मापे मिळणार नाहीत. त्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे सरळ अंगावरूनच बसवावी.

आपल्यात गवंडीकाम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पिशवीतली दोन हत्यारे, लेव्हल आणि ओळंबा, या कामाला सायकलच्या दुकानातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा कमी नाहीत. आधी सीटवर एक सपाट फळी ठेवून तिच्यावर लेव्हल ठेवा. बुडबुडा मधोमध यावा. सीटखालचा नट ढिला करून नाक वर-खाली होते. मोबाइलमध्येही लेव्हल दाखवणारी सोय असते, तीही चालेल. लातूरच्या त्या मुलाची अर्धी तक्रार एवढ्यानेच गेली.

मग सीट पुढे-मागे. मुलाला सायकलवर बसवा, कोणीतरी मागून धरा. दोन्ही पायडल जमिनीशी समांतर, चवडा पायडलावर. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा. तो पायडलाच्या आसावर किंवा जरासा मागे पडावा. हा काही कायदा नाही, पण सुरुवातीला धरायला चांगला ठोकताळा आहे. पुढे मोठे चाक घातले असेल तर सीट थोडी पुढे घ्यावी लागेल, लहान घातले असेल तर मागे. वर दिलेल्या हिशेबाशी ते ताडून पाहा. पाऊण सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर हेच आकडे जवळपास निघतील.

सीटची उंची मात्र उगाच छेडू नये. सायकल कलंडली तरी सीट आणि पायडल यांच्यातले अंतर तेच राहते. लोक नेमके इथेच चुकतात: लहान चाकाने सायकल पुढे झुकली की सीट खाली करतात, आणि मनगटाबरोबर गुडघाही दुखायला लागतो. उंची तपासायची तर टाच पायडलावर ठेवून पाय खाली न्यावा, तो सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो. लहान मुलांना आणि नवशिक्यांना मात्र पाय जमिनीला टेकेल एवढी सीट ठेवावी, धीर आधी महत्त्वाचा.

हँडल सगळ्यात शेवटी. साध्या सायकलीला हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीत उतरलेला असतो. वरचा बोल्ट तीन-चार फेरे ढिला करून त्यावर लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकले की आतली पाचर सुटते आणि दांडा वर-खाली होतो. त्या दांड्यावर एक खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. हौसेने हँडल उंच करून ती खूण बाहेर काढलेली मुले आम्ही रोज पाहतो. खड्ड्यात दांडा निसटला तर हँडल हातात येते. गिअरच्या नव्या सायकलींना अशी पाचर नसते, तिथे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या वर-खाली कड्या असतात. मोठे चाक घातले असेल तर खालची एखादी कडी काढून वर टाकायची, की हँडल तेवढे उतरते. कड्या कमी-जास्त करताना बेअरिंगचा ताण बिघडतो, म्हणून हे काम जाणत्या मिस्त्रीसमोर करावे. लहान चाकाला हँडल वर घ्यावे लागते, आणि इथे मर्यादा लवकर येते.

हे झाले अंगाला बसवण्याचे. वळण्याचे काय?

ऑफिसातली चाकाची खुर्ची ढकलून पाहा. तिचे लहान चाक खुंटीच्या मागे पडते आणि मागेमागे ओढले जाते, म्हणून खुर्ची सरळ जाते. सायकलीच्या पुढच्या चाकाचेही असेच आहे. हँडलच्या नळीची रेष तशीच खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक जिथे जमिनीला टेकते त्याच्या पुढे पडते. या दोन ठिकाणांतल्या अंतराला पुस्तकात ट्रेल म्हणतात. आपण त्याला चाकाची ओढ म्हणू. ओढ जास्त असेल तर सायकल सरळ धावते आणि वळायला जड. कमी असेल तर हँडल हलके, जरा हात हलला की वळते. नेहमीच्या २६ इंची रेंजरला ही ओढ साधारण ७ सेंटिमीटर असते. पुढे साडेसत्तावीस घातले तर ८ होते, कारण चाकही मोठे आणि चिमट्याचा कलही वाढतो. २९ चे घातले तर ९ च्या वर. २४ चे घातले तर साडेपाचाच्या आसपास उतरते. "हँडल लई हलायलंय" याचा अर्थ हा. त्या मुलीचे भय खोटे नव्हते, ती मापच सांगत होती.

ही ओढ पान्याने बदलता येत नाही. सीट, हँडल हलवून भार जागेवर येतो, पण चाकाचा स्वभाव राहतो. थोडा फरक टायरने खाता येतो. साडेसत्तावीसच्या रिमवर पावणेदोन इंची बारीक टायर आणि २६ च्या रिमवर सव्वादोन-अडीच इंची जाड टायर यांची उंची जवळजवळ सारखीच भरते. तेव्हा पुढे मोठी रिम घातली असेल तर तिच्यावर बारीक टायर घ्यावा, लहान घातली असेल तर चिमट्यात मावेल तितका जाड. हँडल रुंद असेल तर हलके चाकही आवरते. बाकी सवयीचा भाग. साडेसत्तावीसची सवय आठ दिवसांत होते असे आमचे मत. २६ च्या सायकलीत २४ चे चाक मात्र घालूच नये. ज्यांनी घातले आहे त्यांनी सोय होताच बदलावे.

कोणी विचारील, मग परदेशात पुढे मोठे आणि मागे लहान चाक असलेल्या डोंगरी सायकली कशा चालतात? चालतात. कॅननडेल या अमेरिकन कंपनीने १९८४ च्या सुमारास पुढे २६ आणि मागे २४ ची सायकल काढली होती. अलीकडे पुढे २९ आणि मागे साडेसत्तावीस अशी जोडी डोंगर उताराच्या शर्यतीत धावते. २०१९ पासून जागतिक सायकल संघटनेने तिला मान्यता दिली. मोठे पुढचे चाक दगडावरून सहज चढते, हा त्यातला फायदा. पण तिथे कारखान्यात जोडी आधी ठरते आणि सांगाडा तिच्या मापाने आखला जातो. आपली जोडी भंगारच्या दुकानात ठरते. आणखी मागे गेले तर पुढे पाच फुटी चाक आणि मागे टीचभर, अशा सायकली इंग्लंडात होत्याच. स्वार तोंडावर आपटत असत. १८८५ साली स्टार्ली यांच्या रोव्हर सायकलीने जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन असा ढंग रूढ केला, तोच आपण आजही चालवतो.

मोठ्या चाकाच्या बाबतीत दोन गोष्टी इथल्या मातीमुळे सांगाव्या लागतात. टायर आणि चिमटा यांत वर आणि दोन्ही बाजूंना निदान बोटभर जागा हवी. उन्हाळ्यात दोन मिलिमीटरवरही चाक फिरते. पण पाऊस पडला, पांदीतून काळी माती लागली, की ती टायरला थरावर थर धरते आणि चिमट्यात अडकून चाक जागीच थांबते. शेतवस्तीवरून येणाऱ्या मुलांना हे नव्याने सांगायला नको. दुसरे, चिमट्याला स्प्रिंग असेल तर दोघांनी मिळून हँडलवर सगळा भार टाकून तो पुरता दाबून पाहावा. टायर वर जाऊन चिमट्याला टेकला तर ते चाक त्या सायकलीत चालणार नाही, मग ते कितीही चांगले असो. लहान चणीच्या मुलांच्या सायकलीत हँडल वळवून हेही पाहावे की पायाचा चवडा चाकाला लागतो का. थोडा लागत असेल तर चालवणाऱ्याला माहीत हवे, म्हणजे हळू वळताना तो पायडल मारणार नाही.

चिमट्याच्या खाचेत आस बसत नसेल तर कानसीने खाच मोठी करायची रीत सगळीकडे आहे. जुन्या साध्या सायकलींचा पुढचा आस बारीक असतो, रेंजरचा जाड. खाच थोडी घासली तर भागते, पण आधीच झिजलेला पातळ चिमटा घासू नये, आणि चिमट्याचे पाय हाताने फाकवून रुंद हब कोंबू नये. पाय एकसारखे फाकत नाहीत, आणि मग चाक एका बाजूला तिरके बसते.

सगळे झाल्यावर मुलाला लगेच रस्त्यावर सोडू नका. शाळेच्या किंवा विहाराच्या मोकळ्या जागेत आधी हळू, सरळ रेषेत चालवायला सांगा. मग दोन्ही बाजूंना वळसे. मग जरा वेगाने येऊन दोन्ही ब्रेक दाबून थांबायचे; उजवा पुढचा, डावा मागचा, हेही एकदा विचारून घ्या, कारण पुष्कळांना ठाऊक नसते. शेवटी कॅरिअरवर दप्तर किंवा पाण्याचा कॅन बांधून हेच सगळे पुन्हा. मागे ओझे पडले की पुढचे चाक हलके होते, आणि मोठ्या चाकाची सायकल अशा वेळी चढावर हँडल हलवू लागते. तसे झाले तर हँडल आणखी थोडे खाली घ्या किंवा ओझे सीटच्या जवळ सरकवून बांधा.

आठ दिवसांनी पुढचे दोन नट, सीटचा नट आणि हँडलचा बोल्ट पुन्हा आवळून पाहा. नव्या भरलेल्या चाकाचे आरे सैलावतात, त्याचा आऊट एकदा काढून आणा. आणि त्या वहीत नवी मापे, टायरच्या कडेचा आकडा आणि तारीख लिहून ठेवा; पुढच्या जूनमध्ये ताईची सायकल धाकट्याकडे जाईल तेव्हा ती लागतील.